मे महिन्यात मागवलेली रेकॉर्ड, आणि पुढं काय काय करायचं ते

मे महिन्यात, भर दुपारी दोनला, कुरिअरवाल्या पोरानं साडेतीन हजारांची रेकॉर्ड आमच्या ओट्यावर ठेवली आणि तो गेला. मी दुकानात, आई आत झोपलेली. साडेपाचला घरी आलो तर खोका हाताला पोळत होता. आत पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ होती. पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ साली काढलेलं नवं रीमास्टर. प्लेयरवर ठेवून फिरवली, तर वाळत घातलेल्या बिबडीची कड उचलते तशी तिची एक बाजू वर येत होती आणि खाली जात होती. सुई बिचारी होडीत बसल्यासारखी.

भुसावळात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. रेकॉर्ड प्लेयर हा त्यातला धंदा नव्हे. वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्यामुळं ही खोड लागली. रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हर साहेबांचा गॅरार्डचा चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेयर, त्यांनी दुरुस्त केला होता. साहेब ऑस्ट्रेलियाला गेले तेव्हा दहा-बारा रेकॉर्डी वडिलांना देऊन गेले. त्यात हीच होती, भारतात छापलेली. म्हणून नवी घेतली. हल्ली जळगाव-धुळ्याची दोन-चार तरुण पोरं प्लेयर घेऊन दुकानात येतात, त्यांना तोंडी सांगून दमलो. म्हणून लिहून ठेवतो.

पहिलं, मागवायची कधी. जुलै ते फेब्रुवारी. मार्चच्या होळीनंतर खान्देशात रेकॉर्ड मागवू नका. रेकॉर्ड म्हणजे पीव्हीसी, आपल्या नळाच्या पाइपाचाच भाऊबंद. साठ अंशांच्या आसपास तो नरम पडायला लागतो. आता म्हणाल, भुसावळचा पारा फार तर पंचेचाळीस-सेहेचाळीस. तो सावलीतला. उन्हात उभी असलेली कुरिअरची बंद गाडी, पत्र्याचं गोडाऊन, आमचा ओटा, इथं साठ गाठायला वेळ लागत नाही. अगदीच राहवत नसेल तर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा आणि येताना हातात घेऊन यायला सांगा. माझी दुसरी प्रत भाच्यानं पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आणली, एसी डब्यात, उशाशी उभी ठेवून. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, फोटोची फ्रेम आहे का. तो हो म्हणाला. वाद नको.

खोका उघडताना मोबाइलवर शूटिंग करा, एकही कट न घेता. रेकॉर्ड वाकडी निघाली तर बदलून मिळायला हाच पुरावा. आणि वर जे घट्ट प्लास्टिक चिकटलेलं असतं ते काढून टाका. पुष्कळ जण ते हौसेनं तसंच ठेवतात. उष्णतेनं ते आणखी आवळतं आणि आतल्या रेकॉर्डला वाकवतं.

वाकडी झालेली सरळ करायचा माझा प्रयोग सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. दोन जाड काचांमध्ये रेकॉर्ड ठेवली आणि गच्चीवर उन्हात नेऊन ठेवली. म्हटलं, उन्हानं वाकली तर उन्हानंच सरळ होईल. पाऊण तासानं आणली. सरळ झाली होती, अगदी आरशासारखी. वाजवली तर भजी तळल्यासारखा आवाज. काचेखाली उष्णता कोंडली आणि सुई ज्यांतून फिरते ते चर मऊ होऊन बसले. साडेतीन हजार गच्चीवर. थोडीशी लाट असेल आणि सुई उडत नसेल, तर तशीच वाजवा. डोळ्यांना दिसते तेवढी ती कानाला कळत नाही. फारच वाटलं तर त्याच दोन काचांत, पण घराच्या सर्वांत थंड खोलीत, महिनाभर दाबून ठेवा. थोडा फरक पडतो. थोडाच.

आता रीमास्टर म्हणजे नेमकं काय घेतोय ते समजून घ्या, कारण वेष्टनावरच्या चकचकीत शब्दांना पैसे पडतात. भरिताचं उदाहरण देतो. वांगी पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजली, ठेचली, कालवली, की भरीत तयार. त्याच भरिताला पुन्हा नव्यानं फोडणी दिली तर ते रीमास्टर. रीमिक्स म्हणजे वांगी परत भाजायला घेणं. गाणं बनतं तेव्हा ढोल, गिटार, गळा हे सगळं वेगवेगळ्या ट्रॅकवर असतं. ते मिसळून दोन ट्रॅकची स्टिरिओ टेप बनते. रीमास्टरवाला त्या तयार टेपवर काम करतो, म्हणजे उंच-खालचे सूर, आवाजाची पातळी, खरखर वगैरे. आतल्या गिटारला तो वेगळं हात लावू शकत नाही. बीटल्सची ‘अ‍ॅबी रोड’ २०१९ मध्ये पन्नास वर्षांसाठी निघाली ती रीमिक्स होती. जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी ट्रॅक पुन्हा मिसळले. ‘डार्क साइड’ची २०२३ ची प्रत जेम्स गथ्री यांनी केलेलं रीमास्टर आहे. मिश्रण १९७३ चंच. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत अ‍ॅलन पार्सन्स इंजिनिअर असताना जे झालं, तेच. तुम्हाला जुनंच गाणं स्वच्छ हवं असेल तर रीमास्टर घ्या. रीमिक्समध्ये लहानपणापासून कानात बसलेली एखादी जागा हललेली निघते आणि मग माणूस चिडतो.

तिसरा प्रकार नुसत्या फेरछपाईचा. त्यात फक्त वेष्टन नवं. स्टिकरवर ‘रीमास्टर्ड’ असा शब्द आणि साल नसेल तर मी तरी जास्त पैसे देत नाही.

‘१८० ग्रॅम’ या शब्दालाही भाळू नका. साधी रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड रेकॉर्ड हाताला भारी लागते, थोडी सपाट राहते, एवढंच. आवाज चरात असतो, जाडीत नाही. आणि भुसावळचं ऊन १८० ग्रॅमलाही सोडत नाही, ते मी पाहिलं.

अजून एक भांडण पोरं दुकानात आणतात. नवी रेकॉर्ड डिजिटल फाइलवरून कापली, म्हणजे तिचे चर कोरले, असतील तर ती रेकॉर्ड कसली, सीडीच की. मला हे पटत नाही. बीटल्सच्या २०१२ च्या स्टिरिओ रेकॉर्डी डिजिटल फाइलींवरून कापल्या आणि २०१४ च्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणाऱ्या, थेट टेपवरून. दोन्हींवर जीव टाकणारे लोक आहेत. २०२२ मध्ये तर अमेरिकेत मोठाच बोभाटा झाला. अस्सल टेपवरून बनवतो म्हणून महागात विकल्या गेलेल्या रेकॉर्डींच्या मध्ये डिजिटल पायरी होती असं उघड झालं. तोवर वर्षानुवर्षं चोखंदळ कानांच्या माणसांनी त्याच रेकॉर्डी अस्सल म्हणून वाखाणल्या होत्या. कापणारा माणूस चांगला असला की निम्मं काम होतं. त्याची खूण शोधायची तर रेकॉर्ड तिरकी धरून लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात बघा. तिथं नंबर आणि कधी कधी अक्षरं कोरलेली असतात. लेड झेपलिन या बँडच्या दुसऱ्या अल्बमच्या १९६९ च्या पहिल्या छपाईवर ‘आर एल’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे रॉबर्ट लडविग. त्यानं ती इतकी दणदणीत कापली की स्वस्त प्लेयरवर सुई उडायला लागली. मग कंपनीनं आवाज कमी करून पुन्हा कापून घेतली. आज तीच पहिली छपाई लोक शोधत हिंडतात. म्हणजे दोष रेकॉर्डीत नव्हता, प्लेयरमध्ये होता. माझं सगळं म्हणणं यात आलं. महागडं रीमास्टर घेण्याआधी पैसे सुईवर घाला.

सुईला आपल्याकडं पिनच म्हणतात. वडिलांच्या काळातल्या एचएमव्ही फिएस्टा प्लेयरवर नवी रेकॉर्ड लावू नका. त्या पिनेचा भार पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त. आताच्या सुटकेसमधल्या स्वस्त प्लेयरचंही तेच. चांगली मॅग्नेटिक कार्ट्रिज, म्हणजे पिन जिच्यात बसते ती डबी, साधारण दीड ते दोन ग्रॅमवर चालते. कमी भार दिला म्हणजे रेकॉर्ड वाचते असंही नाही. हलकी पिन चरात उड्या मारते आणि भिंती जास्त खरवडते. कार्ट्रिजच्या कागदावर जो आकडा दिलाय तोच ठेवा.

आता दोन ग्रॅम मोजायचं कसं? आपण जळगाव जिल्ह्यातली माणसं, सोन्याच्या पेठेशेजारी राहतो. मी पहिल्यांदा ओळखीच्या सराफाकडं प्लेयरच घेऊन गेलो. त्यानं काटा पुढं सरकवला आणि म्हणाला, दोन ग्रॅम म्हणजे बाळाच्या कानातल्या रिंगा, एवढ्याशा वजनानं गाणं वाजतं? नंतर मी छोटा डिजिटल काटा घेतला, पाच-सातशेत मिळतो. दोन गोष्टी सांभाळा. काट्याची ताटली स्टीलची असली तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं आणि वजन खोटं येतं. वर लाकडाची चीप किंवा प्लास्टिकचं झाकण ठेवून शून्य करून घ्या. आणि पिन टेकते ती जागा रेकॉर्डच्याच उंचीला असू द्या. प्लेटवरची गादी काढून काटा ठेवला की जवळपास जमतं.

प्लेयर सपाट हवा. गवंड्याची बुडबुड्याची लेव्हल प्लेटवर उभी-आडवी ठेवून बघा. आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी आहे, तिचा उतार मोरीकडं. प्लेयरच्या एका पायाखाली पोस्टकार्ड दुमडून घातलंय, दहा वर्षं झाली. कार्ट्रिज किती पुढं-मागं बसवायची त्याचा कागदी नकाशा मिळतो. झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्याल तेव्हा त्याला शंभर टक्केच छाप म्हणून सांगा आणि घरी येऊन पट्टीनं मोजा. ‘पानावर बसव’ असं बटण दाबलं गेलं तर नकाशा आखडतो आणि तुमची सगळी मेहनत वाया.

मग वीज, माझा प्रांत. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम तीन-पाच मिलिव्होल्ट निघतात. ती तार थेट होम थिएटरच्या ऑक्समध्ये खुपसली तर आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि कर्कश. मध्ये फोनो प्रीअँप लागतो. तो नुसता आवाज वाढवत नाही. रेकॉर्ड कापताना ढोल-बेसचे जाड सूर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर चर रुंद होऊन एका बाजूला चार गाणी मावणार नाहीत. बारीक सूर वाढवलेले असतात, म्हणजे खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. याचं माप १९५४ पासून ठरलेलं आहे. प्रीअँप तेच माप उलटं लावतो. काही अँपच्या मागं ‘फोनो’ लिहिलेलं भोक असतं, तिथं वेगळा डबा नको.

घूंऽ असा आवाज येत असेल तर प्लेयरमधून निघणारी बारीक हिरवी किंवा काळी तार प्रीअँपच्या स्क्रूला जोडा. तरीही येत असेल तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो, काळी जमीन भेगाळते. त्यात दोन बादल्या पाणी ओता. हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो, मोटारवाल्यांनाही.

अमेरिकेहून कुणी प्लेयर आणून दिला तर हुरळू नका. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत. मोटार एसी सिंक्रोनस, म्हणजे हर्ट्झच्या तालावर फिरणारी, असेल तर मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांऐवजी २८ च्या आतच फिरते. एकानं आणलेला असा प्लेयर लावून बघितला तर गायक झोपेच्या गोळ्या खाऊन गातोय असं वाटलं. डीसी मोटारीच्या प्लेयरला हा त्रास नाही. वेग तपासायची चकती मिळते. ५० हर्ट्झसाठी तिच्यावर १८० रेघा असतात. चोकच्या जुन्या ट्यूबलाइटखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली बहुधा दिसत नाहीत, म्हणून एक जुनी ट्यूबलाइट मी दुकानात जपून ठेवलीय. आणि स्वस्त स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर एसी मोटारीचा प्लेयर लावू नका. मोटार गुरगुरते, तापते. लाइट गेली तर गाणं थांबू द्या.

आता वाजवून बघायचं. ‘डार्क साइड’ या अल्बमची गंमत अशी की तो स्वतःच परीक्षा घेतो, वेगळी टेस्ट रेकॉर्ड विकत घ्यायला नको. पहिली बाजू सुरू होते ती हृदयाच्या ठोक्यांनी, फार हळू. इथं टक्‌-टक्‌ आवाज आले तर धूळ किंवा छपाईचा दोष. पुसून पुन्हा लावा. ठरावीक अंतरानं फेरीगणिक तोच खुटका आला तर दोष रेकॉर्डीत आहे. आमची आई अमळनेरकडची. पहिल्यांदा ठोके ऐकले तेव्हा आतून ओरडली, ‘पंप चालू शे का रे?’ पुढं ‘टाइम’ या गाण्याच्या आधी घड्याळं वाजतात. पार्सन्सनं ती वेगवेगळी रेकॉर्ड करून ठेवली होती. प्रत्येक घंटा सुटी ऐकू यायला हवी. सगळी मिळून एकच कल्ला झाला तर पिनेला कचरा लागलाय किंवा भार चुकलाय. या घड्याळांनी आईची दुपारची झोप मोडली आणि मला आठ दिवस ऐकून घ्यावं लागलं.

खरी कसोटी बाजूच्या शेवटी. बाहेरच्या कडेला पिनेखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर चर सरकतो, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्या आखूड जागेत तेवढंच गाणं कोंबायचं, म्हणून आतला आवाज चिरकतो. आणि नेमकं तिथंच क्लेअर टॉरीचं ते बिनशब्दांचं गाणं आहे, जीव ओतून गायलेलं. तिचा आवाज वरच्या टोकाला फाटला तर कार्ट्रिजची जागा पुन्हा बघा, रीमास्टरला शिव्या घालू नका. त्याच गाण्याच्या सुरुवातीला पियानो आहे. तो डुलत असेल, सूर वर-खाली होत असेल, तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. टोनआर्म, म्हणजे पिन धरणारी दांडी, डावी-उजवीकडं झुलताना डोळ्यांनीही दिसते. ही प्रत परत करा. दुसऱ्या बाजूला ‘मनी’ या गाण्यातली नाणी आणि गल्ल्याचा खणखणाट आळीपाळीनं दोन्ही स्पीकरांतून यायला हवा. एकाच बाजूनं आला तर एखादी तार सुटलीय.

जुनी भारतीय छपाई आणि नवी, दोन्ही मी लागोपाठ लावल्या. नवीत ठोक्यांमागची शांतता मोठी आहे आणि बेस सुटा कळतो. जुनीत वरचे सूर दबलेले, पण तिला साहेबांच्या चेंजरची जड पिन वर्षानुवर्षं लागली होती, त्यामुळं निकाल देणं अन्यायाचं. भाच्याला नवी जास्त आवडली. मलाही.

धुवायचं थोडक्यात. नळाचं किंवा बोअरचं पाणी लावू नका, आपल्याकडचं क्षाराचं पाणी वाळलं की चरात पांढरं बसतं. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, दुकानदाराला अ‍ॅसिड नको म्हणून स्पष्ट सांगा. त्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ मायक्रोफायबर फडक्यानं चराच्या दिशेनं गोल पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. लेबल भिजवू नका. लाखेच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांना स्पिरिट मुळीच लावू नका, लाख विरघळते. कपाशीच्या हंगामात हवेत जो बारीक तंतू उडतो तो पिनेला शेंबडासारखा चिकटतो, म्हणून दर बाजूनंतर पिन मऊ ब्रशनं मागून पुढं झाडायची, आडवी कधीच नाही.

उन्हाळ्यात हवा कोरडी असते, रेकॉर्ड कव्हरातून काढताना चटचट ठिणग्या वाजतात आणि धूळ धावत येऊन बसते. कूलर चालू केला की खोलीत ओल येते आणि हे थांबतं. मात्र प्लेयर कूलरच्या झोतात नको. तुषार आणि क्षार दोन्ही येतात, शिवाय पंप चालू-बंद होताना स्पीकरमधून फाट्‌ असा आवाज.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकांसारख्या, फार दाटीनं नको, तिरप्या तर नकोच. स्लॅबच्या वरच्या मजल्यावर नाही आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून नाही. ती भिंत रात्री अकरालासुद्धा गरम असते. ज्यांचं गावाकडं धाब्याचं घर अजून उभं आहे ते नशीबवान. त्या मातीच्या जाड भिंतींत मे महिनाही कळत नाही. माझ्या रेकॉर्डी एप्रिल-मे धान्याच्या खोलीत असतात, गव्हाच्या कोठीशेजारी. आई म्हणते गव्हाला जागा नाही आणि तुझी ताटं आणून ठेवलीस.

राहता राहिलं सुई उचलणं. हाताच्या प्लेयरमध्ये ती आपली आपण उठत नाही. दुसरी बाजूही ठोक्यांवरच संपते, हळूहळू विझत. तिथं माणसाला झोप लागते आणि सुई शेवटच्या चरात गरगरत राहते. परवा तेच झालं. मी सोफ्यावर, सुई रेकॉर्डवर. रात्री अडीचला लाइट गेली. प्लेयर इन्व्हर्टरवर नाही म्हणून प्लेट थांबली. तेवढ्यावर पिन वाचली.